अण्णांनी पास म्हटलं

ब्रिज हा गप्प बसून खेळायचा पत्त्यांचा खेळ. म्हणूनच त्याच्याइतके किस्से दुसऱ्या कशाचे होत नाहीत. माणसाचं तोंड बंद केलं की बाकी सगळं बोलायला लागतं! आमच्या बसवकल्याणच्या क्लबात टेबलं चारच, पण पाहिलेलं सगळं सांगायला बसलो तर चहा तीनदा गरम करावा लागेल.

नियम साधा. आपली जोडी तेरापैकी किती हात करणार, त्याची आधी बोली लावायची; पहिले सहा हात गृहीत, बोलीचा आकडा त्यावरचा. समोर बसलेल्या पार्टनरला आपल्या पत्त्यांचा अंदाज द्यायचा तो फक्त बोलीतून. खाकरायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत. आता हे आमच्या भागात जमायचं कसं?

*

मालनअक्का आणि रमाकांतराव ही आमच्याकडची नवरा-बायकोची जोडी. बियाणांचं दुकान. अक्कांच्या हातात राजे-एक्के आले की "एक इस्पिक!" रस्त्यावर ऐकू जायचं. पत्ते पडके असले की तेच "एक इस्पिक" मयताला आल्यासारखं. आमचे पंच हाशमीसाब, कोर्टातून रिटायर झालेले. शेवटी पेन आपटून म्हणाले, "भाभी, पत्ते बोलो, तबियत नक्को बोलो!"

*

अक्कांचा आवाज सपाट झाला. तरी जोडी जिंकतच राहिली. तीन महिन्यांनी गोम सापडली ती गुंडप्पाअण्णांना. अण्णा म्हणजे माझे पार्टनर, रिटायर हेडमास्तर, खरं बोलायचं व्यसन असलेला माणूस. भारी पत्ते असले की अक्का कन्नडात बोली लावायच्या, हलके असले की मराठीत! आम्ही सगळेच एका वाक्यात तीन भाषा बोलणारे, संशय येणार कुणाला?

हाशमीसाबांनी जाब विचारला. रमाकांतराव शांतपणे म्हणाले, "मुद्दाम न्हाई हो. घरीबी तसंच हाय. तिच्या अंगात जोर आला की कन्नडच निघतंय."

*

मग हैदराबादहून बोलीच्या कार्डांचे डबे मागवले. तोंड बंद, कार्ड काढून ठेवायचं. दुसऱ्याच दिवशी अक्कांनी भारी पत्त्यांचं कार्ड भाकरी थापल्यासारखं आपटलं. तेव्हापासून आमच्या टेबलांवर गोधड्या आहेत. बाहेरचे खेळाडू विचारतात, तर आम्ही थंडीचं कारण सांगतो. मे महिन्यातसुद्धा!

*

अण्णांची तऱ्हा उलटी. ब्रिजमध्ये समोरचे विचारू शकतात की तुमच्या पार्टनरच्या बोलीचा अर्थ काय. एकदा माझ्या बोलीबद्दल विचारलं. अण्णा ताठ बसले.

"आमच्या ठरल्यापरमाणं मिलिंदकडं चौकटची पाच पानं पायजेत. पण त्यो इसरलेला असणार. मागच्या मंगळवारीबी इसरला होता."

मी विसरलो होतोच.

*

एकदा मी थाप मारली. हातात काही नसताना मोठी बोली लावणं ब्रिजला मान्य आहे. अट एकच, पार्टनरलाही ते माहीत नसावं. समोरचे हसले. फसले फक्त अण्णा! त्यांनी मला थेट सातपर्यंत नेलं, म्हणजे तेराच्या तेरा हात. झाले पाच. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नियमात बसतंय म्हणून माफ केलं. माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता."

*

आणि ही कलबुर्गीच्या स्पर्धेची शील्ड. अण्णांच्या शोकेसमधला मधला कप्पा तिच्यासाठी अकरा वर्षं रिकामा. त्यांच्या बायको, आमच्या काकू, तो दर रविवारी पुसायच्या. पुढच्या महिन्यात दोघं मुलाकडे बेंगळुरूला कायमचे जाणार होते, त्यामुळे ही शेवटची संधी. त्या दिवशी आम्ही असे खेळलो की शेवटच्या डावाआधी आमची आणि अक्कांची जोडी बरोबरीत! स्पर्धेत सगळ्या टेबलांवर तेच पत्ते फिरतात. त्यामुळे नशिबाला दोष द्यायची सोय नसते.

माझी पाळी आली. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. मग चार इस्पिकचं कार्ड ठेवलं.

पंचाईत झाली अण्णांची. त्यांचे पत्ते असे, की मी चटकन चार बोललो असतो तर ते सरळ सहावर गेले असते. पण मी थांबलो होतो. पार्टनर थांबला म्हणजे त्याच्याकडे आणखी काहीतरी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि त्या थांबण्याचा फायदा घ्यायचा नाही, हा नियम. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पासचं कार्ड ठेवलं.

हात झाले बारा. सहा बोललो असतो तर शील्ड आमची. दुसऱ्या टेबलावर अक्कांच्या जोडीनं त्याच पत्त्यांवर सहाची बोली लावली होती.

परतीच्या बसमध्ये शील्ड अक्कांच्या मांडीवर. त्यांनी मागं वळून विचारलं, "अण्णा, तसल्या पत्त्यावर पास कामून केलात?"

"ह्यानं इचार केला. मग मला बोलता येतंय व्हय?"

अक्का गप्प झाल्या. कुठल्याच भाषेत एक शब्द नाही! मला फार वाईट वाटलं.

हुमनाबाद गेल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "मिलिंद, खरं सांग. एवढा इचार कशाचा करायलतास?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण पार्टनर अण्णा होते.

"अण्णा, शेवटची बस साडेसहाची का सातची, ते आठवायलतो."

 अण्णांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"जाऊ दे. बस तर गावली न्हवं?"