नफावाटप, पोहे आणि मी

माझे वडील मला आयुष्यात एकदाच 'व्यवहारी' म्हणाले, आणि पुढच्याच महिन्यात रीतसर ठराव करून त्यांनी तो शब्द मागे घेतला.

आप्पा कराडकडच्या एका पतसंस्थेचे चेअरमन होते. (त्यांच्या मते अजूनही आहेत. फक्त संस्थेला ते मान्य नाही.) कर्जदाराचा चेहरा बघून हप्ता बुडणार की नाही हे सांगणारा हा माणूस, आणि त्याच्या पोटी मी! लहानपणी मला भाजी आणायला पाठवलं की मी भाजी आणायचो आणि उरलेले पैसे भाजीवाल्याकडेच ठेवून यायचो. तेव्हापासून माझ्याबद्दल आप्पांचं मत कायम होतं. मी डब्लिनला नोकरी मिळवली, ॲडम्सटाउनला घर घेतलं, तरी त्यात तसूभर फरक पडला नाही.

"घर बँकेचं, गाडी बँकेची," गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या आल्या ते म्हणाले, "तुझं सोताचं काय हाय? छत्री?"

इथल्या वाऱ्यात छत्रीही स्वतःची राहत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवसांत मी ऑनलाइन पोकर खेळायचो. रक्कम किरकोळ असायची, पण बायकोला, म्हणजे गौरीला, ते बघवत नसे. माझ्याकडे मात्र बिनतोड मुद्दा होता. त्याचं नाव रेकबॅक.

"हे बघ, प्रत्येक डावातून साइट थोडा कट घेते," मी तिला समजावलं. "महिन्याच्या शेवटी त्यातला काही भाग मला परत मिळतो. जितकं जास्त खेळणार तितकी माझी लेव्हल वर, आणि तितकं जास्त परत."

"कोणाचे पैसे परत?"

"माझेच."

"मग ते आधीच तुझ्याकडे ठेवले तर?"

या बाईला टेक्निकल गोष्टी समजावण्यात काही अर्थ नसतो.

तेवढ्यात साइटने मला आणखी वरचं आमिष दाखवलं. मी माझ्या कोडवर मित्रांना आणायचं आणि त्यांच्याकडून साइटला जी कमाई होईल, त्यातला वाटा मला मिळणार. नफ्यात भागीदारी! मी लगेच शेजारच्या मंदारला पकडलं. (हा ॲथलोनला टेलिकॉममध्ये आहे. रोज इतका गाडी चालवतो की घरी आल्यावर कशालाही हो म्हणतो.) मग इथल्या मराठी मंडळातली आणखी पाच-सात डोकी गोळा केली. 'अरे, पैसे परत मिळतात' एवढं एक वाक्य पुरलं. मराठी माणसाला कॅशबॅक म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही, हा माझा अनुभव आहे आणि मीही त्यात आलोच.

हे सगळं मी फोनवर पुण्याच्या एका मित्राला सांगत होतो आणि आप्पा शेजारी बसून मटार सोलत होते. मी फोन ठेवला तसे त्यांचे हात थांबले.

"सभासद किती झालं म्हणलास?"

"अं? आहेत सात-आठ."

"आनि नफ्यातला वाटा?"

"दर महिन्याला."

"दर म्हैन्याला! आमी वर्सातनं एकदा द्यायचो, त्यातबी निम्मी वर्सं बोंब." त्यांनी मटार बाजूला ठेवले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "अभ्या, तू व्यवहारी निघालास रं."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? 'आप्पा, ही पतसंस्था नाही, पत्ते आहेत' असं म्हणायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण माझे केस पांढरे व्हायला लागले तरी जो शब्द कधी कानावर पडला नव्हता, तो आत्ता पडला होता. मला खरंच भरून आलं. मी त्यांच्या शेजारी बसून मटार सोलायला लागलो.

"सांग त्यांना," गौरी स्वयंपाकघरात म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना!"

मी सांगेपर्यंत आप्पांनी फोन करून निम्म्या कराडला सांगितलं होतं. तिथवर ठीक होतं. पण मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "सभा कवा हाय?"

"कसली सभा?"

"वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेफुडं ठेवल्याबिगर नफा वाटत्यात व्हय?"

मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आप्पांची नोटीस झळकली: सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रविवारी चेअरमन अभिजित यांच्या राहत्या घरी सभा होईल, अल्पोपाहाराची सोय केली आहे. खाली अंगठ्यांचा पाऊस. कोणीही 'कसली सभा' म्हणून विचारलं नाही. अल्पोपाहार वाचल्यावर विचारायचं काय राहतं?

"पोहे मी करणार नाही," गौरी म्हणाली.

तिने केले. पण परतताना झाऱ्याचा जो आवाज येत होता, तो मला उद्देशून होता.

रविवारी आप्पा कोट-टोपी घालून आमच्या सोफ्यावर मध्यभागी बसले. समोर आरतीची घंटा. मंदार दुकानात गेला होता म्हणून त्यांनी गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब केली, आणि अर्धा तास झाल्यावर तीच सभा त्याच ठिकाणी सुरू केली. तोवर निम्मे पोहे संपले होते.

घंटा वाजली. आप्पांची भाषा एकदम बदलली.

"विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

मागची सभा झालीच नव्हती. तरीही "मंजूर, मंजूर" असा गजर झाला.

"विषय क्रमांक दोन. नफावाटप. चेअरमनसाहेबांनी खुलासा करावा. कर्जवाटप किती? थकबाकी किती?"

"आप्पा, आपण कर्ज नाही देत."

"मग नफा कशातून झाला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मंदार भोळेपणाने म्हणाला, "पोकरमधून, आप्पा. पत्ते."

आप्पांनी घंटा खाली ठेवली. "पत्ते?"

"ऑनलाइन," मी म्हणालो. जणू ऑनलाइन म्हटलं की त्याची दूध डेअरी होते.

"जिंकंल त्याला पैसं, हरंल त्याचं गेलं. मंग संस्थेला काय मिळतं?"

"प्रत्येक डावातला कट."

"म्हंजी नाल. जत्रंत तंबू ठोकून पत्त्याचा अड्डा चालवणारा काढतो, ती. आनि तुला?"

"त्यातला थोडा वाटा."

"कुनाच्या डावातला?"

मी पोह्यांकडे बघितलं. पोहे काही मदतीला आले नाहीत. "यांच्या."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग मंदारचा चमचा वाटीत पडला. "थांब. मला ताप होता तेव्हा तू मेसेज केलास, 'दोन डाव खेळ, बरं वाटेल.' मला वाटलं माझी चौकशी करतोयस!"

"चौकशीच होती."

"मी नको म्हटलं तर म्हणालास, 'लेव्हल घसरेल.' कोणाची रे?"

"पण तुम्हालाही रेकबॅक मिळतो ना!" मी शेवटचं शस्त्र काढलं.

"शंभराची नोट खिशातनं काढायची आनि त्यातलीच चिल्लर परत द्यायची," आप्पा म्हणाले, "आनि ह्येला तुमी लाभांश म्हनताय?"

"डॅड, सो यू आर द टेंट फेला," जिन्यावरून आमची कन्या म्हणाली. तिला मराठी कळत नाही असा माझा समज होता.

आप्पांनी पुन्हा घंटा वाजवली. "ठराव. चेअरमन यांनी घेतलेला सर्व नफा भेटवस्तूच्या रूपाने सभासदांना परत करावा व पद सोडावे. सूचक?"

"मी," गौरी म्हणाली. इतक्या प्रेमाने तिने लग्नातही हो म्हटलं नव्हतं.

"अनुमोदक?"

मंदारचं तोंड भरलेलं होतं. त्याने दोन्ही हात वर केले.

"मंजूर, मंजूर!"

"तसेच," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चेअरमन यांचा मागे 'व्यवहारी' असा जो उल्लेख झाला, तो कामकाजातून वगळण्यात येत आहे."

हेही एकमताने मंजूर झालं. मला तो ठराव फार लागला, अजूनही लागतो.

भेटवस्तू म्हणून आप्पांनी स्टीलचे डबे ठरवले. नफ्यात सगळ्यांचे बसेनात, तेव्हा वरचे पैसे मीच घातले. पद गेल्यामुळे मला डबा मिळाला नाही. गौरीला मिळाला, सूचक म्हणून. जाताना विमानतळावर आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सूनबाई, व्यवहार तू बघ." माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बॅग उचल."

आता माझं बँकेचं कार्ड त्या डब्यात असतं आणि डबा वरच्या प्रेसमध्ये. (कपाटाला इथे प्रेस म्हणतात. माझा हात पोचतो, पण गौरीचं लक्ष असतं.) परवा साइटचा मेल आला: बरेच दिवस न खेळल्यामुळे तुमची लेव्हल सर्वांत खाली आणली आहे. मी तो गौरीला दाखवला.

"यांना आत्ता कळलं?" ती म्हणाली. "आम्ही तर सभेत ठराव केला होता."