अंगाईवर डिस्को

दुरुस्त केलेला प्रत्येक स्पीकर मेकॅनिक स्वतःच्याच गाण्यावर तपासायचा. बायको शिवता शिवता अंगाई गुणगुणायची, ती त्यानं कधीतरी रेकॉर्ड करून ठेवली होती. बायको वारल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर शिलाई मशीनच्या खडखडीचा ठेका केला, खाली डिस्कोचा दणदणीत बेस घातला आणि वर तिचा आवाज, मधल्या खोकल्यासकट. बहिणीनं ऐकून कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकं बेसवर माना डोलवायची. कोण गातंय, हे एकानंही विचारलं नाही.

आज एका बाईंनी मात्र कान देऊन ऐकलं. त्यानं बेस थोडा कमी केला.

"मधेच कुणीतरी खोकल्यासारखं वाजतंय," त्या म्हणाल्या. "तेवढा बिघाड काढा ना, भाऊ."

त्यानं स्पीकर उघडला, होता तसाच बंद केला आणि दुसरंच गाणं लावलं.

"काढला, ताई."