बुडत्या जहाजाची हाक

कुंभकोणमच्या ठाण्यात सबइन्स्पेक्टर असतानाचं, पन्नासच्या दशकातलं हे प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

नागपट्टणमजवळ एक मालवाहू जहाज बुडालं होतं. कप्तानासह बरीच माणसं गेली. जहाजाचा बिनतारी संदेशयंत्राचा चालक वाचला आणि नाहीसा झाला. मदतीची हाक न देताच त्याने उडी टाकली, असा त्याच्यावर आरोप होता. तो आमच्या गावात बहिणीकडे लपलाय, अशी खबर एका पानवाल्याने दिली. आम्ही त्याला आणलं.

"यंत्र चाललं नाही," एवढंच तो तमिळमध्ये सांगे. का, ते सांगेना. आमच्या घरातला कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, पण त्या यंत्रातलं मलाही काही कळत नव्हतं. आम्ही दोघंही थकलो.

दुपारी त्याची बहीण डबा घेऊन आली. ती बुडालेल्या कप्तानाची विधवा. माझ्यासारखीच तंजावरकडच्या मराठी घरातली. घरच्या मराठीत भावावर ओरडली, "आधी जेव रे! मग चढ फासावर!"

मीही मराठीत बोललो तशी ती माझ्याकडे वळली. "साहेब, आमच्या ह्यांच्या जहाजात काही बिघडत नव्हतं. जहाज बंदरात असताना मी त्यावर राहिलेय की. इंजिन बंद, तरी खोलीत पंखा फिरायचा."

"अक्का, गप बस!"

"इंजिन बंद, मग पंखा कशावर?" मी विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. पंखा संकटकाळच्या बिनतारी यंत्राच्या बॅटऱ्यांवर चालायचा, आणि त्या पुन्हा कुणी भरत नसे. त्या यंत्राची दर आठवड्याची चाचणी मात्र इंजिन चालू असताना, जहाजाच्या विजेवर होई. म्हणून ते नेहमी ठीकच निघे. इंजिनघरात पाणी शिरलं, वीज गेली, तेव्हा बॅटऱ्यांत काही उरलं नव्हतं.

"कप्तानाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. भावजी हसले. म्हणाले, बंदरात कोण बुडतंय?"

बहीण भिंतीला टेकली. मी लेखणी खाली ठेवली.

"लिहा," ती म्हणाली. "पंखा माझ्यासाठी लावायचे, तेही लिहा."

वाचलेल्या एका इंजिन खलाशाने जबाबात तेच सांगितलं. चालक सुटला.

त्यानंतर कुठलीही व्यवस्था तपासताना, बाकी सगळं बंद पडल्यावर ही चालेल का, एवढंच मी विचारत आलो. ते शिकणं सोपं होतं. पण एका निर्दोष माणसाला सोडवताना, उत्तर द्यायला न उरलेल्या माणसाचा दोष मला त्याच्या बायकोच्या तोंडून लिहून घ्यावा लागला. ते कसं करावं, हे नोकरी संपेपर्यंत मला कळलं नाही.