खिडकीचा पितळी आकडा

सव्वा महिना झाला. सकाळी अकराच्या सुमाराला शिक्रापूरहून आप्पांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. "सर, आप्पा गेले," एवढंच म्हणाली आणि मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत राहिले. फोन ठेवल्यावर ही बातमी सांगायला मला घरात कुणी नव्हतं. एरवी असं काही कळलं की मी आप्पांनाच फोन करायचो...

आमची ओळख झाली दौंडच्या एका भंगारवाल्याकडे. मी शिरूरचा निवृत्त चित्रकलेचा मास्तर, ते रेल्वेतले निवृत्त फिटर, दोघांच्याही बायका आधी गेलेल्या. एकाच पितळी कडीवर दोघांनी हात टाकला. 'तुम्ही घ्या', 'तुम्ही घ्या' करता करता कडी त्यांच्या पिशवीत गेली आणि मी त्यांच्या घरी चहाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात रेल्वेच्या गोऱ्या साहेबांसाठी बांधलेले तिथले बंगले तेव्हा एकेक करून पाडले जात होते. त्यांच्या खिडक्यांचं पितळ आप्पा गोळा करत. वेलबुट्टीच्या मुठी, पानाच्या आकाराच्या बिजागऱ्या, उघडलेली खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडकवायचे नक्षीदार आकडे. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, खोली कुठली, खिडकी कुठल्या दिशेची. काळवंडलेल्या पितळेवर जिथं बोटं पडायची तेवढीच जागा उजळ असे, आणि तिच्यावरून आप्पा सांगत की ही बाई डावखुरी होती, इथं पोरं लोंबकळायची. निम्म्या थापा असणार. पण त्या ऐकायला मी दर रविवारी एसटीनं दौंडला जायचो. मला तरी दुसरं काय होतं?

मग दोन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आप्पा सुनंदाकडे राहिले. किल्ली माझ्याकडे दिली. माझा टापटिपीचा स्वभाव नडला. दिवाळीला घरोघरी पितळ घासतात, मग आप्पांचं कोण घासणार, म्हणून चार दिवस खपून चिंच आणि राखेनं सगळं लखलखीत केलं. चिठ्ठ्या होत्या तशा बांधल्या, त्याचाही अभिमान. आप्पा आले, एक आकडा उचलून उजेडात नेला आणि त्याच्यावर अंगठा फिरवत राहिले.

"सर, ह्यो आमच्या क्वार्टरातला," ते म्हणाले. "हिचा अंगठा व्हता ह्याच्यावर. वीस वरसं रोज सकाळी खिडकी उघडायची ती. तेवढाच ऱ्हायला व्हता."

अशाच एका बंगल्यात मधे भिंती घालून केलेल्या क्वार्टरात त्यांचा संसार झाला होता, हे मला ठाऊक होतं. तो आकडा त्यांनी जपलाय, हे ठाऊक नव्हतं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.

त्यानंतर पाच महिने मी दौंडला गेलो नाही. कुठलं तोंड घेऊन जाणार? शेवटी एका रविवारी तेच माझ्या दारात उभे राहिले, पिशवीत तो आकडा आणि चार स्क्रू. माफी मागायला मी तोंड उघडलं तर म्हणाले, आधी स्टूल आणा. माझ्या पूर्वेच्या खिडकीला त्यांनी तो आकडा बसवला. हा मला नको, असं मी परत परत म्हणत होतो.

"पेटीत पडून त्याला कुणाचा हात लागायचा?" स्टुलावरून उतरत ते म्हणाले. "तुम्ही रोज उघडत जावा."

आमचे रविवार पुन्हा सुरू झाले. आता ते संपले. खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते, बघण्यासारखं काही नाही. तरी रोज उघडतो. आकडा पुन्हा काळवंडलाय आणि अंगठ्याखाली एक उजळ ठिपका धरू लागलाय, अगदी पुसट... परवा कामाच्या मावशींनी चिंच भिजत घातली, तेव्हा त्यांना म्हटलं, देवाचं सगळं घासा, या खिडकीला मात्र हात लावू नका.

वहिनींचा अंगठा उमटायला वीस वर्षं लागली होती. मी बहात्तर वर्षांचा आहे. म्हणून हल्ली मी ती खिडकी दिवसातून दोनदा उघडतो.