आग लागण्याआधी आलेला फोन

अशा विषयावर मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. आम्ही बौद्ध. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरात कोणी सांगितल्याच नाहीत. वडील म्हणायचे, अंधाराची भीती वाटते ना, मग कंदील घे आणि तिथे काय आहे ते स्वतः बघून ये. पुढे मी आरोग्य उपकेंद्रात नर्स झाले. "बाहेरचं लागलं आहे" म्हणून आणलेल्या कितीतरी बायकांना मी सलाईन लावून, पोटभर जेवायला सांगून घरी पाठवलं आहे. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसले असते.

आमचं गाव सिंदेवाही आणि नागभीडच्या मधे, डांबरी रस्ता सोडून आत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या गोष्टीतली माणसं तिथेच राहतात. एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला जंगल. नाल्यापलीकडे एक टोली आहे, पंचवीसेक घरांची. शहरातून आगीची गाडी येईपर्यंत इथे राख उरते, म्हणून निवृत्त झाल्यावर मी गावातल्या लोकांना घेऊन आमचं स्वतःचं छोटं पथक उभं केलं. एक जुनी जीप, तिची अ‍ॅम्ब्युलन्स केली. पंप बसवलेला एक पाण्याचा टँकर, तो ओढायला नामदेवभाऊंचा ट्रॅक्टर. जीप रोशन चालवतो. फोन माझ्याकडे.

आमचा खरा हंगाम हिवाळा. धान कापून झालं की त्याचे पुंजणे खळ्यावर उभे राहतात, माणसाच्या दुप्पट उंचीचे ढीग. वर्षभराचं पोट त्यात असतं. सगळं वाळून कोरडं झालेलं, आणि थंडी म्हणून जिथे तिथे शेकोट्या. त्यात सकाळच्या धुक्यात मोटरसायकली घसरतात, म्हाताऱ्यांचा दमा उसळतो... डिसेंबर-जानेवारीत मी फोन उशाशी नाही, हातातच घेऊन झोपते.

तो शनिवार होता. सकाळी धुकं इतकं की शेडच्या दारातून समोरचा हापसा दिसत नव्हता. मी आणि नामदेवभाऊ पंपाचं तेल बघत होतो तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"बाई, लवकर या जी... पुंजण्याले आग लागली. श्रावणी ताडपत्रीखाली हाये... दिसून नाई राह्यली मले..."

बाईचा आवाज. रडण्याने घोगरा झालेला.

"कुठून बोलता? कोणाचं खळं?"

"वामनचं," एवढंच म्हणाली, आणि फोन कट.

वामनचं खळं नाल्यापलीकडे, टोलीच्या अंगाला. आम्ही टँकर काढला, रोशनने जीप काढली. धुक्यात हॉर्न वाजवत कसेबसे पोचलो... आणि बघतो तर काहीच नाही! चार पुंजणे जागच्या जागी उभे. वामन आणि त्याची बायको कुसुम शेकोटीपाशी चहा पीत बसलेले.

"काय झालं जी बाई? कोठी लागली आग?" कुसुमने विचारलं.

 तोच आवाज! सूर तोच, 'जी' म्हणायची ढब तीच. फक्त रडणं नव्हतं.

"कुसुम, तू मला फोन केलास का?"

"मी कायले करू? माह्यापाशी फोनच नाई. ह्यांचा हाये, तो चार्जिंगले घरी."

वामनने मान डोलावली. श्रावणी ही त्यांची एकुलती मुलगी, दुसरीत शिकणारी. ती शाळेत गेली होती. पुंजण्यांच्या मधे एक निळी ताडपत्री अंथरलेली होती. मी जाऊन ती उचलून पाहिली. खाली तणस, धानाचा वाळला पेंढा, बाकी काही नाही. तरीही मी सगळीकडे वाकून वाकून पाहत राहिले.

"बाई, काय शोधून राह्यल्या?" वामनचा आवाज आता चढला होता.

मी त्याला सांगितलं की कोणीतरी फोन केला, खळ्याला आग लागली आणि श्रावणी आत आहे म्हणून. आवाज कुसुमचा होता, हे मात्र बोलले नाही. कसं बोलणार?

"सकाळी सकाळी माह्या पोरीचं असं वंगाळ बोलू नोका," तो म्हणाला.  कुसुमने मात्र ती शेकोटी लगेच पाणी टाकून विझवली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, आजचा दिवस पोरीला इकडे येऊ देऊ नको. ती हो म्हणाली.

आलेल्या नंबरवर मी परत फोन लावला. कोरपन्याचा एक कापड दुकानदार निघाला! कोरपना कुठे आणि आम्ही कुठे... जिल्ह्याचं दुसरं टोक. "आत्ताच दुकान उघडलं, माझ्या फोनवरून कोणी फोन केला नाही," म्हणाला. दुकानात कुठली बाईही नाही म्हणाला. मी दोनदा विचारल्यावर वैतागला आणि फोन ठेवला.

तेवढ्यात दुसरा फोन आला. हा खरा. गावातली एक सून अडली होती, कळा रात्रीपासून सुरू. मला जीप घेऊन निघणं भाग होतं. मी नामदेवभाऊंना म्हटलं, "टँकर इथेच राहू द्या. मी येईपर्यंत हलू नका."

"कायले?"

आगीचं आणि पोरीचं त्यांना सांगितलं. आवाजाचंही सांगितलं.  "बाई, तुमची झोप होऊन नाई राह्यली," म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या धानाची चुरणी, म्हणजे मळणी, त्या दिवशी होती, ट्रॅक्टर त्यांना हवा होता. तरी थांबले. "तुम्ही म्हणता म्हणून," एवढंच म्हणाले. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू...

सिंदेवाहीला पोचायला धुक्यामुळे उशीर झाला. बाळ सुखरूप झालं, मुलगा. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. बाहेर लख्ख ऊन पडलेलं. सकाळचं सगळं मला खोटं वाटायला लागलं होतं, नामदेवभाऊंना उगाच अडकवलं म्हणून लाज वाटत होती. परत जायला सांगावं म्हणून फोन हातात घेतला, तर त्यांचाच आला.

"बाई, लागली! वामनच्या धानाले थ्रेशर आलं होतं, त्याच्या ट्रॅक्टरची ठिणगी उडाली. पाणी मारून राह्यलो... पोरगी सापडत नाई! शाळेतून आलती म्हणते, घरी कोणी नव्हतं म्हणून इकडं आली, कोणाले दिसलीच नाई..."

मी ओरडले. सगळा व्हरांडा वळून माझ्याकडे बघायला लागला. "ताडपत्री! ताडपत्रीखाली पाहा! भाऊ, निळ्या ताडपत्रीखाली!"

पुढे फोनमध्ये नुसता गोंधळ. पंपाचा आवाज, माणसांचा आरडाओरडा, कोणीतरी खोकत होतं. मग वामनचं रडणं.

श्रावणी तिथेच होती. दोन पुंजण्यांच्या फटीत ताडपत्री अंगावर ओढून झोपी गेली होती. धुराने बेशुद्ध. ताडपत्री वितळून उजवा हात खांद्यापासून भाजला. नामदेवभाऊंनी तिच्यावर पाण्याचा मारा धरून ठेवला आणि वामनने तिला ओढून काढलं. टँकर गावातून यायचा असता तर... मी पुढचा विचार करत नाही. तिला चंद्रपूरला मी स्वतः घेऊन गेले. खूप दिवस दवाखान्यात काढले तिने, पण वाचली. आता हात वर करताना खांदा ओढतो, एवढंच.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती ना? पण नाही संपली.

आग विझल्यावर माणसं विचार करायला लागतात. टँकर सकाळपासून तिथे उभा का होता? सिंदेवाहीत बसलेल्या बाईला ताडपत्रीचं कसं माहीत? आणि सकाळी हिनेच ती उचलून पाहिली होती, हे तर वामनने डोळ्यांनी बघितलेलं. पोलीस आले, माझा फोन पाहून गेले, कोरपन्याच्या दुकानदारालाही विचारलं. ठिणगी कशी उडाली हे पाचजणांनी पाहिलं होतं, त्यामुळे पोलिसांचं समाधान झालं. टोलीचं झालं नाही.

ग्रामपंचायतीसमोर बैठक बसली. वामन माझ्याकडे न बघता बोलला, "हे सकाळी आली, पोरीचं नाव घेतलं, खळ्यात फिरली, ताडपत्रीले हात लावला. अन् दुपारी तेथीच झालं. मी काही म्हणत नाई. तुम्हीच समजा."

सगळे समजले. मागून एक म्हातारी कुजबुजली, "करणी." हा शब्द आमच्या भागात कुठवर जातो ते मला चांगलं माहीत आहे. अशा शब्दापायी मार खाल्लेल्या बायकांच्या जखमा मी उपकेंद्रात धुतल्या आहेत. आता तो माझ्यासाठी होता. नामदेवभाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीले वाचवणारी बाई हे! शरम नाई वाटत?"  सगळे उठून गेले.

नंतर एक दिवस कुसुम एकटी शेडवर आली. वामनला न सांगता. नामदेवभाऊंनी चहाच्या टपरीवर आवाजाचं बोलून टाकलं होतं, ते तिच्या कानावर गेलं होतं.

"बाई, माहाच आवाज होता का?"

"तुझाच वाटला."

 पदराचं टोक पिळत ती बोलली, "त्या दुपारी मी काहीच बोलली नाई बाई. कोणालेही इचारा. आग पाहली अन् माही वाचाच बसली. तोंड उघडं, आवाज नाई. मले माहीत होतं पोरगी कोठी हाये, तिले तेथी जाताना मी पाहलं होतं, टँकर उभा हाये म्हणून अडवलं नाई... बोट दाखवाले हातही उठून नाई राह्यला. मनात तुम्हालेच हाका मारून राह्यली होती. बाई, लवकर या जी, श्रावणी ताडपत्रीखाली हाये..."

फोनवर नेमके कोणते शब्द आले होते ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नामदेवभाऊंनाही नाही.

 ती माझे हात धरून रडली, आवाज न करता. आम्ही दोघी त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

त्याला आता एक वर्ष होऊन गेलं. एका डॉक्टर मैत्रिणीला सांगितलं, ती म्हणाली, थकव्यात मेंदू आठवणींची उलटापालट करतो. मी म्हटलं, मग टँकर तिथे उभा कसा होता?  चुकीचा नंबर, कोणाची चेष्टा, जुळून आलेला योगायोग... सगळं घासून पाहिलं. एकही नीट बसत नाही. माझा आजही भुतावर विश्वास नाही. पण जे झालं ते कशात बसवू, तेही कळत नाही.

या हिवाळ्यात गावातून फोन येतात, आसपासच्या गावांतूनही येतात. नाल्यापलीकडून एकही आला नव्हता. तिथली माणसं आजाऱ्याला मोटरसायकलवर मधे बसवून नेतात, असं ऐकायला यायचं.

मागच्या आठवड्यात आला. भर दुपारी. म्हाताऱ्याचा आवाज, नाव सांगितलं नाही. नातवाला झटके येत होते.

"गाडी पाठवा जी... लवकर पाठवा." मग थोडं थांबून, "पण बाई, तुम्ही नोका येऊ."

रोशनला पाठवलं. झटक्यात काय करायचं ते त्याला फोनवर सांगत राहिले, पार दवाखान्याच्या दारापर्यंत. मुलगा बरा आहे.

मी शेडमध्येच थांबले.