लांबचं विद्यापीठ

माझ्या ठाकुर्लीच्या घरात मी गेली एकवीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेते. बाहेरची खोली वर्गाची, आतली माझी. त्या वर्षी बारावीच्या बॅचमध्ये आंबिवलीची एक मुलगी होती. आई ती सातवीत असताना गेलेली. वडील शेतकरी, म्हणजे शेती करणारे शेवटचे काही जण असतात त्यांतले. ती पहिल्या बाकावर कधीच बसायची नाही, पण मी फळ्यावर चूक केली तर मागून तिचाच आवाज यायचा, "मॅडम, चिन्ह."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका सोमवारी ती दुपारीच आली. दोन विद्यापीठांची मेल एकाच दिवशी आलेली. एक मुंबईतलं, संख्याशास्त्राचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, घरून जाऊन-येऊन करण्यासारखा. दुसरं पार दक्षिणेत, रेल्वेनं दीड दिवसावर, गणिताचा साधा पदवी अभ्यासक्रम आणि हॉस्टेल. सात दिवसांत एक जागा स्वीकारायची, दुसरी सोडायची.

आम्ही वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. विषय, शिक्षक, पुढच्या संधी, भाषा, जेवण. प्रत्येक ओळीत मुंबईचं पारडं जड होत गेलं. पाच मिनिटांत मी पेन खाली ठेवलं. "अगं, यात विचार कसला करायचा? आजच स्वीकार."

ती म्हणाली, "हो, मलाही तेच वाटतं. पण रविवारपर्यंत थांबते." का, ते मी विचारलं नाही. मुलं शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत बसतात, त्यातलंच एक वाटलं.

बुधवारी बॅच सुटल्यावर एक गृहस्थ आले. चाळिशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं अगदी गोड. भाच्यासाठी क्लास बघतोय म्हणाले. मी पाणी दिलं. भिंतीवर वेळापत्रक लावलेलं असतं, त्याचा त्यांनी फोनवर फोटो काढला. "भाच्याला दाखवतो." मग सहज विचारल्यासारखं, "तुमच्याकडची ती आंबिवलीची मुलगी, फार हुशार म्हणे. कुठे घेणार ॲडमिशन?"

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

"मुंबईचंच घेईल. घरून जाता येतं. रोजचं येणं-जाणं म्हणजे मुलींना जरा त्रासच, पण काय करणार. आंबिवली स्टेशनपासून तिचं घर तसं आत आहे ना?"

मी बाकावरच्या वह्या गोळा करायला लागले. त्यांनी उरलेलं पाणी संपवलं, उठले आणि मी नको नको म्हणत असताना स्वयंपाकघरात जाऊन पेला विसळून ओट्यावर उपडा ठेवला. जाताना हात जोडले. ते लिफ्टमधून खाली गेल्यावर माझ्या लक्षात आलं, भाचा कितवीत आहे हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आणि तिला मुंबईचं मिळालंय हे त्यांना ठाऊक होतं.

मी तिच्या वडिलांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या येतो बाई. तिला काय बोलू नका."

गुरुवारी सकाळी ते आले. खुर्चीत न बसता मुलांच्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. मग बोलायला लागले.

"माझ्या दोन्ही भावांनी जमीन इकली. मी नाय इकली. माझा तुकडा रस्त्याला लागून हाय, तो भेटल्याशिवाय बिल्डरच्या टॉवरला वाट नाय. दोन वर्सं झाली, मानसं येतात नि जातात. पयले मोठ्या आवाजात बोलायचे. आता हळू बोलतात." त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. आंबिवली स्टेशनच्या पुलावरून ती उतरत होती, पाठीवर बॅग, नजर खाली. फोटोखाली एक शब्दही नव्हता. अनोळखी नंबरावरून आलेला. "असे चार आले. रोज येगली जागा."

"पोलिसांकडे गेलात?"

"काय सांगू जाऊन? माज्या पोरीचा फोटो कोनीतरी काढला? हसतील." मग त्यांनी हात जोडले. "बाई, तिला लांबचं घ्यायला सांगा. ती तुमचं आयकते. पन का ते सांगू नका. तिला कललं तर ती जायची नाय. ती हितं नसली ना, तर मी कोनाला भीत नाय."

मी हो म्हटलं.

शुक्रवारी मी तिला बॅचनंतर थांबवून घेतलं. रात्रभर मी मनात उजळणी केली होती. घरापासून दूर राहिल्यानं माणूस कसा घडतो, शुद्ध गणिताचा पाया किती महत्त्वाचा, संख्याशास्त्र काय नंतरही करता येतं. बोलताना मला माझाच आवाज परका वाटत होता. एकवीस वर्षांत मी मुलांना खूप रागावले असेन, पण खोटं गणित कधी शिकवलं नव्हतं.

तिनं सगळं ऐकलं. मग वही उघडून सोमवारचं पान माझ्यासमोर ठेवलं.

"मॅडम, यातली कुठली ओळ बदलली?"

मी त्या पानावरून बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

"बाबा येऊन गेले ना?"

तेव्हा मी सांगून टाकलं. बुधवारचा माणूस, फोटो, वडिलांनी जोडलेले हात, सगळं. वचन मोडलं याचं वाईट वाटलं. पण तिला वहीचं पान मागे घ्यायला लावणं मला जमलं नसतं.

ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "पांढरी गाडी आहे. मे महिन्यापासून. पहिल्यांदा बंद कारखान्याच्या भिंतीपाशी उभी असायची. आता आमच्या वळणावर असते. मी रोज वेगळ्या वेळी निघते. कधी परत येताना एक स्टेशन आधी, शहाडलाच उतरते आणि तिथून रिक्षा करते."

"वडिलांना का नाही सांगितलंस?"

"ते कोयता घेऊन गाडीपाशी गेले असते, मॅडम. तुम्ही त्यांना ओळखत नाही. आई गेल्यापासून त्यांना अडवणारी मीच आहे. म्हणून तर मला मुंबईचंच पाहिजे. मी रोज संध्याकाळी घरी असले की ते काही करणार नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला कळू नये म्हणून रविवारपर्यंत थांबले होते."

म्हणजे वडील तिला वाचवायला लांब पाठवत होते आणि ती वडिलांना वाचवायला जवळ राहत होती. दोघं एका घरात राहून एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते. त्या विद्यापीठांचा यात कुठेच संबंध नव्हता. मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता नेहमीसारखाच होता. तरी कडेला लावलेली प्रत्येक पांढरी गाडी मला मोजावीशी वाटली.

शनिवारी सकाळी मी आंबिवलीला गेले. ती मला घ्यायला स्टेशनवर येणार होती, मीच नको म्हटलं. रिक्षा बंद कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून गेली. पुढे भरावाच्या मातीचे ढीग, पत्र्यांचं कुंपण, त्यावर नदीकाठच्या घरांची रंगीत चित्रं आणि हसणारी कुटुंबं. कुंपण संपलं तिथे एकदम हिरवं होतं. तोच त्यांचा तुकडा. बांधावर आंब्याची पाच झाडं. आणि समोरच्या वळणावर ती पांढरी गाडी. आत दोघं बसलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले, मी घरात शिरेपर्यंत.

ती पडवीत वडिलांसमोर बसली होती. तिनं आधीच बोलायला सुरुवात केलेली.

"बाबा, मला सगळं माहीत आहे. मॅडमनी सांगितलं, पण मला आधीच माहीत होतं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"बाय, तू जा," ते तिला म्हणाले. "चार वर्सं जा. तोवर काय ते होईल."

"आणि तुम्ही?"

"मला काय होतंय."

ती त्यांच्याजवळ सरकली. मग अगदी हळू म्हणाली, "मी म्हटलं सही करा, तर?"

वडील लगेच उठले. आत जाऊन कपाटातली एक पिशवी घेऊन आले, सातबारा वगैरे कागदांची. तिच्या मांडीवर ठेवली. "तू बोल. तू बोललीस तर आता जाऊन करतो. त्या गाडीतच बसून करतो."

बाहेर गाडीचं इंजिन चालू झालं आणि पुन्हा बंद झालं. एसीसाठी असेल. मला मात्र गाडीतल्यांनी आमचं बोलणं ऐकल्यासारखं वाटलं. अठरा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर ती पिशवी, आणि तिचा बाप तिच्यासमोर उभा. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"नको," ती म्हणाली. पिशवी त्यांच्या हातात परत दिली. "मी लांबचं घेते. पण एका अटीवर. आजच्या आज पोलिसात लेखी द्यायचं. फोटो, नंबर, गाडी, सगळं. आणि तुम्ही त्यांच्याशी एकटे बोलायचं नाही. कोयता मॅडमकडे राहील."

मी चमकले. वडीलही. पण तिनं खरंच आतून कोयता आणला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत घातला. ती हे सगळं इतक्या शांतपणे करत होती की मला तिची भीती वाटली आणि अभिमानही.

चौकीत आम्हाला पावणेदोन तास बसवलं. अर्ज वाचून साहेब म्हणाले, "धमकी कुठे आहे यात? फोटोच तर आहेत." ती म्हणाली, "धमकी नसेल तर तसं लिहून द्या." त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारला आणि सही केली. बुधवारच्या माणसाबद्दल मीही माझ्या नावानिशी चार ओळी लिहून दिल्या. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं.

बाहेर पडलो तर पांढऱ्या शर्टातले ते गृहस्थ पानाच्या टपरीपाशी उभे. त्यांनी मला लांबूनच हात जोडले. "बाई, भाच्याचं राहू द्या. तो आता दुसरीकडे जातो." आणि हसले. वडिलांची मूठ आवळलेली मी पाहिली. मुलीनं त्यांचा हात धरला आणि रिक्षात बसवलं. रिक्षा हलल्यावर तिनं फोन काढला, दक्षिणेतल्या विद्यापीठाची मेल उघडली आणि जागा स्वीकारली. त्यानंतर तिनं दुसरी मेल उघडून मुंबईची जागा सोडली. त्याला मात्र जास्त वेळ लागला. ते बटण दाबताना तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. मी बाहेर बघत राहिले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. कल्याणहून गाडी होती. वडिलांनी तिला शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगितली, खिडकी लावून झोप.

सप्टेंबरमध्ये आंब्याची पानं वाळायला लागली. पावसाचे दिवस, आणि पाचही झाडांची पानं उन्हाळ्यासारखी तपकिरी. वडिलांनी बुंधे तपासले तर जमिनीलगत ड्रिलनं पाडलेली बारीक भोकं, वरून मेण लावून बुजवलेली. आत काय ओतलं होतं ते कळलं नाही. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, "कोयता तुमच्याकडेच राहू द्या बाई." मी रडले. ते नाही रडले. ते त्याच दिवशी चौकीत गेले आणि शिक्क्याचा आणखी एक कागद घेऊन आले. मुलीला झाडांचं सांगायचं की नाही, असं त्यांनी मला विचारलं. या वेळी मी लगेच सांगितलं, "सांगा. आजच सांगा."

माझ्या बॅचमधली पाच-सहा मुलं त्या वर्षी मध्येच सोडून गेली. एका आईनं जिन्यात गाठून सांगितलं, "तुमच्याबद्दल कोणीतरी विचारत होतं, मॅडम. आमची मुलं लहान आहेत." तिचं बरोबर होतं.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. सही झालेली नाही. जमिनीचं प्रकरण कोर्टात आहे, तारखा पडतात, वडील सगळ्या तारखांना जातात. पत्र्याचं कुंपण तीन बाजूंनी पूर्ण झालंय. चौथ्या बाजूला, आपल्या तुकड्यात, ते अजून भात लावतात.

मी तिला एकदा फोनवर विचारलं, "वाईट वाटतं का गं, मुंबईचं सोडल्याचं?" ती म्हणाली, "इथे संख्याशास्त्राचा एकच पेपर आहे, मॅडम. शिकवणारे सर वहीतलं वाचून दाखवतात. रोज वाटतं." आणि मग, "पण त्या दिवशी तुम्ही मला खोटं सांगून पाठवलं असतं ना, तर मी तुमच्याशी परत बोलले नसते." मला यातून सुटका मिळाली की शिक्षा, ते अजून कळलेलं नाही.

सुट्टीला ती चार दिवस येते, जास्त नाही. वडील दर वेळी तिला वेगळ्या स्टेशनवर उतरवून घेतात. कधी टिटवाळा, कधी ठाणे. मागच्या दिवाळीला तिनं माझ्याकडेच मुक्काम केला. दुपारी बाहेरच्या खोलीत बाक बाजूला सारून ती सतरंजीवर झोपली. दाराशी तिचे वडील खुर्ची टाकून बसले होते. लिफ्टचा आवाज झाला की ते मान वर करायचे, आणि लिफ्ट पुढे वरच्या मजल्यावर गेली की पुन्हा खाली घालायचे.