देवकीची अर्धी ओळ

देवकी परब बालवाडीत गाण्याची ओळ कधीच पुरी करत नसे. "पोदेरकाका, पोदेरकाका, गरम उंडो दी रे..." पाववाल्याकडं गरम पाव मागणारी ही ओळ इथवर म्हणून ती थांबे, आणि समोरची पोरं कौलं हलतील अशी ओरडत, "माका!"

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या वाडीत, देवळाला लागून यात्रेकरूंसाठी बांधलेल्या अग्रशाळेतल्या एका खोलीत ही बालवाडी भरे. मुलं गावातली होती, तशी कारखान्यांत कामाला आलेल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसांचीही. प्रत्येकाच्या घरची बोली निराळी. देवकी स्वतः सावंतवाडीकडची. सगळ्यांना कळतील अशी गाणी ती स्वतःच जुळवी. छापील पुस्तकं दोन-तीनच होती, तीही चित्रांपुरती.

मदतनीस विमला गावातलीच. उसळ शिजवता शिजवता तिनं एकदा विचारलं, "ताय, शेवटचा उतर तुमी कित्याक गिळतात?"

"यमक असला की फुडचा उतर कानाक आधीच कळता," देवकी म्हणाली. "मगे जीभ आपसूक धावता."

विमलाची कोमल चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. म्हापशाच्या डॉक्टरांनी कान तपासून ठीक असल्याचं सांगितलं होतं. बरेच महिने ती भिंतीला टेकून नुसती ऐकत बसली. एका सकाळी देवकी थांबली आणि सगळ्यांच्या आधी कोमलच म्हणाली, "माका." विमला डाव तसाच टोपात टाकून बाहेर आली आणि देवकीच्या पायाशी बसून रडली. मग कोमल दुसऱ्या गाण्यांतले शब्द भरू लागली, पुढं घरी भांडूही लागली.

त्याच सुमारास गोवा राज्य झालं. त्याआधीच्या मराठी-कोकणी राजभाषेच्या वादात एका पंगतीला जेवणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. वर्षभरानं कुणी तरी इंग्रजी नर्सरीसाठी अग्रशाळेची तीच खोली मागितली. देवस्थान समितीनं सभा बोलावली.

देवकीनं विचार केला. आपण उभं राहिलो तर गाणी मराठी की कोकणी, इथूनच सुरुवात होणार, आणि आपण पडलो बाहेरचे. ती विमलाला म्हणाली, "तू गावातली. तूच बोल. दुसरा कायच नको, कोमलाचा तेवढा सांग."

"तुमी चिंता करू नकात," विमला म्हणाली.

सभेत अध्यक्ष दत्तारामभाऊंनी विचारलं, "बालवाडीचो खूब उपेग आसा म्हणटात. कोण सांगतलो?"

विमला उठली. पदर सारखा करून म्हणाली, "भाऊ, म्हजें चेडूं थंय दोन वर्सां बसलां. ए-बी-सी येना. दीसभर उंडो, उंडो!"

सभेत हशा पिकला. "मगे तेका पोदेराक दी गो!" मागून कुणी तरी ओरडलं. विमलाही हसली. देवकीकडे तिनं पाहिलं नाही. खोली नर्सरीला गेली. विमला तिथं मदतनीस म्हणून लागणार हे सभेच्या आधीच ठरलं होतं, ते देवकीला दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं.

पंधरवड्यानं विमला देवकीच्या दारात आली. "ताय, भुरगीं नर्सरींत बसनात. इंग्लिश कविता कोणाक कळना. तुमचीं दोन गाणीं शिकयात मगो."

"सभेत जा. कोमल कशी बोलूक लागली ता सांग. मगे ये."

"आता खंयची सभा, ताय? तुमी काय, उद्यां गावाक वचपाक शकतात. म्हाका हांगाच दीस काडूंक जाय."

"माकाव हयच काढूचे होते," देवकी म्हणाली आणि सुपातले तांदूळ निवडू लागली. विमला आली तशी परत गेली.

देवकी पुढं तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. जेवणाच्या सुट्टीत बायका समितीला शिव्या घालत. देवकी त्यांना थांबवी. "खोली त्यांची होती, त्यांनी घेतली," ती म्हणे. "माझ्यातर्फे बोलूक मी त्यांका पाठवलेला नाय."